न घेतलेलं नाव

डॉक्टर चेन प्रेसच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा सकाळचे साडेदहा झाले असतील. माझगावात दातांचा दवाखाना चालवणारा हा चिनी गृहस्थ इतक्या वर्षांत गिरगावात आमच्या छापखान्यापर्यंत कधी आला नव्हता. अंगात दवाखान्यातला पांढरा कोट तसाच होता. माझ्या हातात शिशाच्या खिळ्यांची अर्धी जुळवलेली ओळ होती. ते आत आले, टोपी काढली आणि त्यांच्या त्या मुंबईच्या हिंदीत म्हणाले, "सदा, लिन गया. सुबह में." मी ओळ हातात धरून तसाच उभा राहिलो, म्हणून आणखी काही सांगायला हवं असं त्यांना वाटलं असावं. "कुर्सी पे बैठा था. चाय ठंडी हो गयी थी."

लिनकाका चार दिवस कामावर आले नव्हते. खोकला वाढला असेल, बरं वाटलं की येतील, असं मी धरून चाललो होतो. मी घोडपदेवला राहतो, ते रे रोडला एका लाकडाच्या वखारीच्या माळ्यावर राहायचे. मधलं अंतर चालत दहा मिनिटांचं. त्या चार दिवसांत मला दहा मिनिटं काढता आली नाहीत... कशात गेले ते दिवस, तेही आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवडीच्या ख्रिस्ती कबरस्तानात आम्ही पाचजण होतो. डॉक्टर चेन, आमच्या प्रेसचे मालक नाना, वखारीतला एक सुतार, लिनकाका ज्या मराठी ख्रिस्ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचे तिथले पाद्रीसाहेब, आणि मी. पाद्रीसाहेबांनी मराठीतच प्रार्थना म्हटली. माती लोटून झाल्यावर फाटकाकडे येताना ते माझ्या बाजूने चालू लागले आणि म्हणाले, "तुम्ही त्यांच्या जवळचे म्हणून विचारतो. आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. भाकरीचं ताट रांगेतून पुढे पुढे जातं, प्रत्येकजण तुकडा घेतो. लिन शेवटच्या बाकावर बसायचे. सात वर्षांत एकही रविवार चुकवला नाही, पण भाकर एकदाही घेतली नाही. ताट हातात घ्यायचे आणि शेजारच्याला द्यायचे. मी दोनदा कारण विचारलं. 'अजून नाही,' एवढंच म्हणाले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कारण ठाऊक होतं, पण ते फाटकात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, मला काही कल्पना नाही. आज ते इथे सांगतो आहे. मी लेखक नाही, जुळारी आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर शिशाच्या खिळ्यांत जुळवणारा. तेव्हा मांडणीत चूकभूल होईल.

लिनकाका आमच्याकडे आले ते नानांच्या दातांमुळे. नाना गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले, वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, यांनी मात्र छापखाना काढला. त्यांची कवळी डॉक्टर चेननी बसवली होती. कवळीचं माप घेताना डॉक्टरांनी सांगितलं की आमच्या देशातून एक माणूस आला आहे, तिकडे मिशनच्या छापखान्यात वीस-बावीस वर्षं काम केलेलं आहे, काहीही काम द्या. नानांना नाही म्हणणं कधी जमलंच नाही. पण चिनी माणूस मराठी छापखान्यात काय करणार, हा प्रश्न होताच. पन्नाशीच्या आत-बाहेरचा, बारीक, डोक्याचे केस अगदी बारीक कापलेला तो गृहस्थ सोमवारी हजर झाला. नानांनी त्याला माझ्यापुढे उभं केलं. देवनागरीच्या खिळ्यांना काना, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो खण लागतात. नवा माणूस ते पाहून घाबरतो. लिनकाकांनी डावीकडून उजवीकडे नजर फिरवली आणि इंग्रजीत विचारलं, "एवढेच?" त्यांच्या लिपीत हजारो खण असतात, हे मला नंतर कळलं.

त्यांना काम मिळालं ते मजकूर सोडण्याचं. छापून झालं की फर्म्यातले, म्हणजे चौकटीत कसलेल्या पानातले, खिळे सुटे करून प्रत्येक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा असतो. कंटाळवाणं काम, त्यामुळे कुणी मनापासून करत नाही. लिनकाका एक अक्षर वाचता येत नसताना नुसत्या आकारावरून खिळे सोडायला लागले. पहिल्या दिवशी त्यांच्या चुका झाल्या त्या फक्त घ आणि ध यांत, भ आणि म यांत. तिसऱ्या दिवसापासून त्याही थांबल्या. वर्षभरात त्यांना शब्द ओळखू येऊ लागले, त्यांचे उच्चार मागाहून आले. भाषा प्रेसमध्ये शिकल्यामुळे त्यांच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच. नानांनाही ते "तू जेवलास का" असं विचारायचे, आणि नाना गंभीरपणे "जेवलो" म्हणायचे.

संध्याकाळी आम्ही भायखळ्यापर्यंत ट्रामने बरोबर जायचो. ते फारसं बोलत नसत. बायको आणि मुलगी तिकडेच राहिल्या आहेत, एवढं मला ठाऊक होतं. बायको शाळेत शिकवायची. पत्रं प्रेसच्या पत्त्यावर यायची, दोन-तीन महिन्यांतून एखादं. मग एकदा हाँगकाँगहून कुणा ओळखीच्याचं पत्र आलं. ते वाचून त्यांनी घडी केली, खिशात ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत मान वर न करता खिळे सोडत राहिले. ट्राममध्ये मी विचारलं तेव्हा म्हणाले, बायकोला पकडून नेलं. घरात चार-पाच बायका जमून प्रार्थना करत होत्या म्हणून. तिथल्या सरकारने नेमून दिलेल्या देवळाबाहेर प्रार्थनेला जमणं हा गुन्हा होता. मुलगी आजीकडे होती, तेरा-चौदा वर्षांची. त्यानंतर पत्रं बंद झाली. मुलीला इकडे आणता यावं म्हणून त्यांनी अर्ज केला. त्या अर्जाची नक्कल त्यांच्या डब्याच्या पिशवीत असायची.

रविवार त्यांना खायला उठायचा, हे मला योगायोगाने कळलं. प्रेसची एक किल्ली माझ्याकडे असे. एकदा विसरलेलं काही आणायला रविवारी दुपारी गेलो, तर लिनकाका बंद दारासमोर गॅलरीत उभे, कठड्याला टेकून खाली रस्त्याकडे पाहत. देऊळ बारा-साडेबाराला सुटायचं, मग तिथून चालत चालत ते इथे यायचे. माळा आणि देऊळ सोडलं तर त्यांना माहीत असलेली मुंबईतली ही एकच जागा. मी दार उघडलं तसे ते आत जाऊन आपल्या स्टुलावर बसले. मी पुष्कळदा ठरवलं की यांना रविवारी घरी जेवायला न्यायचं. एकदाच नेलं. आईने माशाचं सार केलं होतं, ते त्यांनी दोनदा मागून घेतलं. पुन्हा कधी नेलं नाही. आमची खोली एक, माणसं सात... हे कारण खरं होतं, पण पुरेसं नव्हतं.

मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवणार अशी घोषणा झाली आणि शहर पेटलं, ते दिवस वाचकांना सांगायला नकोत. लालबाग-परळला गोळीबार झाला. आमच्या चाळीतला दत्ताराम, गिरणीत माझ्या वडिलांच्या खात्यात काम करणारा, नाक्यावर गोळी लागून गेला. त्याचं आणि इतरांचं काय झालं ते वर्तमानपत्रांत धड येत नव्हतं. आमच्या भागातल्या चार कार्यकर्त्यांनी मला एक मजकूर दिला. एकपानी पत्रक, त्यात गोळीबाराची हकिगत आणि मेलेल्यांची नावं. कायद्याने पत्रकावर छापणाऱ्याचं नाव हवं, ते घालायचं नाही असं ठरलं. नानांना मी सांगितलं नाही. त्यांना अंदाज असावा. शनिवारी जाताना त्यांनी कागदाची दोन रिमं उगाचच कपाटाबाहेर काढून ठेवली होती.

रविवारी सकाळी मागच्या जिन्याने जाऊन मी एकट्याने मजकूर जुळवला, पायाने चालवायच्या छोट्या यंत्रावर छापला. दुपारी एकाला एक कार्यकर्ता भाजीच्या पाटीत गठ्ठे भरून घेऊन गेला. तो गेल्यावर पाच मिनिटांत समोरचं दार वाजलं. पोलीस असतील म्हणून मी आधी फटीतून पाहिलं. पण बाहेर लिनकाका होते, नेहमीसारखे देवळातून आलेले. फर्मा अजून यंत्रावर होता, शाई ओली होती. ते वाकून वाचू लागले. तोवर त्यांना मराठी चांगलंच वाचता येऊ लागलं होतं. नावांच्या यादीपाशी ते थांबले, दत्तारामच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा तुझ्या चाळीतला?" मी हो म्हणालो. त्यांनी कोट काढला, फर्मा टेबलावर आणला, रॉकेलने पुसला आणि खिळे सोडायला बसले. तासाभरात त्या पत्रकातलं एक अक्षर दुसऱ्याशेजारी उरलं नाही. मी मागच्या जिन्याने उतरलो, ते पुढच्या.

पोलीस बुधवारी आले. आमच्या एका म ची शिरोरेघ तुटकी होती. तीच मोड पत्रकाच्या प्रत्येक प्रतीत उमटली होती, हे कुणा जाणकाराने त्यांना दाखवून दिलं होतं. आपल्याला काही माहीत नाही, असं नानांनी सांगितलं. पण समोरच्या इमारतीच्या रखवालदाराने रविवारी एका माणसाला पुढच्या दाराने आत जाताना आणि बाहेर पडताना पाहिलं होतं. चिनी माणूस गिरगावात लपत नाही. ते लिनकाकांना घेऊन गेले. जाताना लिनकाकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते मुद्दाम पाहत नाहीत, हे मला समजलं, आणि मी खाली मान घालून ओळ जुळवत राहिलो.

तीन दिवस ते चौकीत होते. या तीन दिवसांबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी चौकीच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, मी केलं, याने नाही. ते वाक्य मी मनात जुळवून ठेवलं होतं. अर्ध्या तासाने घरी आलो. आईला सगळं सांगितलं. वडील तेव्हा छातीच्या दुखण्याने घरी बसले होते, माझ्या पगारावर सात माणसं जेवत होती. आई चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "तेका सोडतले रे, तो परदेशी. तुका नाय सोडूचे." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फुटपाथपर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी गेलोच नाही.

शनिवारी त्यांना सोडलं. चिनी माणूस मराठी पत्रक जुळवू शकणार नाही, हे शेवटी साहेबाला पटलं. आत काय झालं ते मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांच्या माळ्यावर. खाली वखारीत करवत बंद होती, ताज्या कापलेल्या सागाचा वास वरपर्यंत येत होता. त्यांनी पातळ भाताची पेज केली होती, एक वाडगा माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या डाव्या कानाखाली काळंनिळं झालं होतं. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवून म्हणाले, "तुझ्यासाठी नाही केलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत, थांबून थांबून. साहेबाने विचारलं होतं, रविवारी प्रेसमध्ये काय करत होतास. हे म्हणाले, रविवारी मला जायला दुसरी जागा नाही. बरोबर कोण होतं? कुणी नाही. कुणी जुळवलं? मला मराठी वाचता येत नाही. साहेबाने त्यांचे परदेशी माणसाचे कागद समोर ठेवले आणि समजावून सांगितलं की हे कागद दर वर्षी आम्हीच वाढवून देतो. एक नाव सांग आणि जा. नाही सांगितलंस तर कागद वाढणार नाहीत, आलास तिकडे परत जाशील. तीन दिवस हाच प्रश्न, वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून. मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? ते म्हणाले, "वाटली. पण एकदा बोललो होतो. तेवढं पुरे झालं."

तिकडे चीनमध्ये नवं सरकार आल्यावर गोरे मिशनरी निघून गेले. मग देवळांना सांगण्यात आलं की परक्यांशी संबंध तोडल्याच्या कागदावर सह्या करा. सह्या झाल्या. तेवढ्याने भागलं नाही. प्रत्येक मंडळीने सभा घेऊन आपल्यातलाच एखादा हेर, देशद्रोही शोधून त्याच्यावर जाहीर आरोप करायचे, असा हुकूम आला. त्यांच्या गावात एक वृद्ध चिनी पाद्री होते. लिनकाका दहा वर्षांचे असताना आई-बाप वारले, या पाद्र्यांनी त्यांना घरी ठेवलं, त्यांचा बाप्तिस्मा केला, मिशनच्या छापखान्यात स्टुलावर उभं करून खिळे जुळवायला शिकवलं. सभा या पाद्र्यांविरुद्ध घ्यायची होती. आरोप करायला जवळचा माणूस हवा, म्हणजे लोकांना खरं वाटतं. लिनकाकांना एका खोलीत ठेवलं. रोज कागद द्यायचे, स्वतःची सगळी हकिगत लिही. लिहून झालं की फाडून टाकायचे, पुन्हा लिही, यात लपवलं आहेस. मारलं नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. अकराव्या दिवशी त्यांनी विचारलं, काय बोलायचं ते तुम्हीच सांगा.

सभा देवळातच झाली. आपल्याच बाकांवर बसलेल्या माणसांसमोर उभं राहून लिनकाका म्हणाले की हा माणूस परक्यांचा हेर आहे, त्याच्या सांगण्यावरून मी देशाविरुद्ध पत्रकं छापली. लोकांना ओरडायला सांगितलं होतं, ते ओरडले. पाद्री व्यासपीठावर उभे होते, मान खाली घालायला लावलेली. लिनकाका बोलत असताना त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं... "रागाने?" मी विचारलं. लिनकाकांनी वाडग्यातली पेज चमच्याने ढवळली. मग म्हणाले, "तो बघत होता, मी जेवलो का." पाद्र्यांना त्याच संध्याकाळी नेलं. कुठे नेलं, जिवंत आहेत का, कधीच कळलं नाही. तेव्हापासून लिनकाकांनी प्रभुभोजनाची भाकर घेतली नव्हती. बायको सभेला गेली नव्हती. तिने यांना एका शब्दानेही दोष दिला नाही. आठवड्याने एवढंच म्हणाली, तू इथे राहिलास तर ते तुला पुन्हा बोलायला लावतील, तू जा. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती आणि मुलगी मागे राहिल्या.

मी तरुण होतो, डोक्यात आग होती. म्हणालो, सगळी सरकारं सारखीच, तुमचं काय आणि आमचं काय. त्यांनी मान हलवली. "नाही. तुझ्या गावात लोक स्वतः ओरडतात. माझ्या गावात ओरडायला लावतात." मी म्हणालो, ओरडणाऱ्यांवर इथेही गोळ्या घालतात, दत्ताराम घरी आला नाही. त्यांनी पेजेचं पातेलं पुढे ओढलं. "हो," म्हणाले, "तो नाही आला." आणि माझ्या वाडग्यात आणखी पेज वाढली.

त्यांचे कागद साहेबाने वाढवून दिले, पण वर्षाऐवजी तीन-तीन महिन्यांसाठी, आणि दर महिन्याला हजेरी. पुढची चार वर्षं महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते हजेरीच्या रांगेत उभे राहून मग कामावर यायचे. तेवढंच असतं तर मी सहन केलं असतं. चौकीच्या प्रकरणानंतर दोन महिन्यांनी मुलीसाठी केलेला अर्ज परत आला. त्यावर एक लाल ओळ होती, तिचा अर्थ नानांनी समजावून सांगितला. अर्जदाराची वर्तणूक समाधानकारक नाही. त्या दिवशी ट्राममध्ये मी रडलो. लिनकाका खिडकीबाहेर पाहत होते. भायखळा आल्यावर म्हणाले, "इथून हो म्हटलं असतं, तरी तिकडून सोडलं असतं का? मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही." त्यांनी मला दिलासा म्हणून हे म्हटलं की खरोखरच तसं वाटत होतं, हे ठरवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. त्यांच्या बोलण्यात तो फरक दिसायचा नाही.

त्यानंतर आमच्यात काही बदललं. भांडण झालं नाही, अबोलाही नाही. पण मला त्यांच्यासमोर बसणं जड जाऊ लागलं. माझं लग्न झालं, मी एकट्याने लवकर निघू लागलो. ते काम करत राहिले. आता ते खिळे सोडतही आणि जुळवतही. त्यांचं प्रूफ माझ्यापेक्षा स्वच्छ निघायचं. रविवारी गॅलरीत उभे राहत असतील, हे मला माहीत होतं. नानांनी त्यांना किल्ली दिली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

यंदा मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. गिरगावात दिवे लागले, रांगोळ्या पडल्या. नानांनी मोठ्या लाकडी अक्षरांत एक भित्तिपत्रक काढलं, ते लिनकाकांनी जुळवलं. पहिली प्रत वाळत घालताना त्यांनी मला विचारलं, "तुझं राज्य झालं?" मी म्हणालो, झालं. "बरं झालं." मग कागदाची कड सरळ करत म्हणाले, "दत्तारामची बायको आली का बघायला?" मी दुसरी प्रत वाळत घातली. दत्तारामची बायको कधीच गावी गेली होती. चाळीत तिची आठवण कुणी काढत नव्हतं. मीही नाही.

लिनकाका गेल्यानंतर तीन आठवड्यांनी नानांनी मला वर बोलावलं. टेबलावर हाँगकाँगचं तिकीट असलेलं पाकीट होतं, वर इंग्रजीत प्रेसचा पत्ता आणि लिनकाकांचं नाव. साडेचार वर्षांनी आलेलं पहिलं पत्र. नानांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "डॉक्टरांकडे जा. आत्ता जा."

डॉक्टर चेननी पेशंटला खुर्चीतून उठवून बाहेर बसवलं. पत्र एकच पान होतं. त्यांनी ते आधी मनात वाचलं, आणि मग एकेक ओळ हिंदीत सांगत गेले. मी ती माझ्या वहीत मराठीत उतरवत गेलो. पत्र मुलीचं होतं. तिने लिहिलं होतं की आई घरी आली आहे. डोळ्यांना कमी दिसतं, बाकी बरी आहे. शाळेत आता घेत नाहीत, लोकांचे कपडे धुऊन देते. रविवारी मात्र धुणं घेत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. डॉक्टर इथे थांबले. "समझा?" त्यांनी विचारलं. समजलं होतं. प्रार्थनेचा दिवस ती अजून पाळत होती. तिला बोलायला लावता आलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं, तुम्हाला खिळे जुळवायला ज्यांनी शिकवलं ते आजोबा दोन महिन्यांपूर्वी परत आले. आता आपल्याच घरी असतात. एकही दात उरलेला नाही, पेज खातात. रोज विचारतात, तो जेवतो का नीट, अजून खिळे जुळवतो का.

डॉक्टरांनी पत्र खाली ठेवलं. "बोलता है, दात नहीं," ते म्हणाले. "मेरे पास होता तो मैं बिठा देता." आणि तोंड फिरवून हत्यारांचा ट्रे नीट लावत बसले.

उत्तर लिहायला हवं होतं. मी म्हणालो, लिहा की पत्र बाबांना मिळालं होतं, वाचून ते शांतपणे गेले. डॉक्टर नाही म्हणाले. लिनच्या नावाने खोटं लिहिणार नाही. बाहेरचा पेशंट दोनदा डोकावून गेला.

रविवारी दुपारी आम्ही दोघं शिवडीला गेलो. कबरीवर अजून दगड बसलेला नाही, नंबराची लोखंडी पट्टी आहे आणि बाजूने गवत वर आलं आहे. डॉक्टरांनी पत्र उघडलं, एक ओळ आपल्या भाषेत वाचली आणि थांबले. त्यांचा प्रांत वेगळा, लिनकाकांचा वेगळा. लिपी एक असली तरी दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नसे. इतकी वर्षं हे दोन चिनी आपसात हिंदीतच बोलत आले होते. "मेरे मुँह से उसको नहीं समझेगा," ते म्हणाले. "तू पढ." मी वही काढली आणि मराठीत वाचलं. आई घरी आली, इथपासून शेवटपर्यंत. कबरीसमोर मोठ्याने वाचताना आधी लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. एक माळी लांबून पाहत उभा होता. वाचून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा. मी आणखी एकदा वाचलं.

मग फाटकाजवळच्या बाकावर बसून त्यांनी मांडीवर कागद ठेवला आणि उत्तर लिहिलं. वडील छातीच्या आजाराने गेले, त्यांचं दफन नीट झालं, तुझं पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवलं. आधी काय आणि नंतर काय, ते लिहिलं नाही. तिने विचारलं तर सांगू. मी कोण, तेही त्यांनी लिहिलं. माझ्या सांगण्यावरून हेही लिहिलं की तुझ्या वडिलांनी इथे एका माणसाचं नाव घेतलं नाही, म्हणून तो माणूस आज हे पत्र पाठवू शकतो. आजोबांना वाचून दाखव, असं खाली घातलं. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं होतं. डॉक्टरांनी पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, लिहा, शेवटच्या शनिवारपर्यंत जुळवत होता.